बाभूळओढ्याची राखण

“आज बी मेल्यालं मासं वर आलेत,” महिपती दारातनंच म्हणाला. गुडघे गेल्यापासून दारातून दिसेल तेवढंच त्याचं जग उरलं होतं. “कटलेच हायती. गाभोळीनं पोटं भरल्याली. वास येतोय बघ.”

सोनाबाईला वास कधीचाच आला होता. भाकरी थापता थापता ती दोनदा बाहेर जाऊन आली होती. तेवढ्यात तव्यावरची करपली. महिपतीने ती मुकाट खाल्ली. संसारात त्याने एवढं एक शिकून घेतलं होतं.

“दुपारी मीटिंग हाय म्हणं सोसायटीची. ओढा खुला करत्याल. पानी नासलंय, त्येनं मरत्यात म्हनं. मासं बंद ठिवून कुजवायचं, त्यापरास धरल्यालं काय वाईट?”

“तुमी बी तसंच म्हंता?”

“मी कुटं म्हंतो? लोक म्हंत्यात की.”

उजनी धरणाच्या फुगवट्यात, करमाळ्याच्या अंगाला, जुना बाभूळओढा बुडाला त्याला किती वर्षं झाली. त्यातल्या बाभळी मात्र वाळून तशाच पाण्यात उभ्या आहेत. पाऊसकाळात मासे अंडी घालायला तिथेच शिरतात. आणि जाळीही. मांडीएवढे कटले बघता बघता तळहाताएवढे झाले, तेव्हा मच्छीमार सोसायटीच्या सभेत सोनाबाई उभी राहिली होती. आयुष्यातली पहिलीच वेळ. “बाळातपनाला माहेरी आल्याल्या पोरीला कुनी उंबऱ्यावर कापतं का?” एवढंच ती बोलली. पुरुष हसले, पण आषाढ-श्रावण ओढा बंद ठेवायचं ठरलं. राखणीला कोणी हात वर करेना, तेव्हा चेअरमन कमलाकर म्हणाले, “मग काकू, तुमीच व्हा दाई.”

तिला एक खाकी टोपी मिळाली, कानांवर उतरणारी, आणि एक शिट्टी. शिट्टी मंगळसूत्राशेजारी लोंबायची. चारचौघांत ती फुंकायची तिला लाज वाटे. एकदा घरात फुंकून पाहिली तर शेळी दावं तोडून पळाली.

मागल्या आठवड्यात, उजाडता उजाडता, तिला ओढ्यात जाळं दिसलं. ते तरंगायला वर बांधलेल्या तेलाच्या रिकाम्या बाटल्या तिने लगेच ओळखल्या. आदिनाथच्या. नणंदेचा मुलगा, तिच्याच हातचं खाऊन वाढलेला. सोसायटीला सांगावं तर त्याची मासेमारी बंद होणार. न सांगावं तर राखण कसली? तिने विळ्याने दोरच कापला. बाटल्या गोळा करून शेळीच्या गोठ्यात टाकल्या. जाळं बुडालं. कुणाचं नाव निघायला नको आणि पोराला अद्दल घडावी. आपण फार शहाणपणा केला असं तिला वाटलं होतं.

पण जाळ्याला कुठं ठाऊक, धनी निघून गेला ते? बुडालेल्या बाभळींनी ते पाण्यात उभं धरून ठेवलं आणि ते आपलं काम करत राहिलं. माशांवर मासे.

तेव्हापासून तिच्या जिवाला थारा नव्हता. विहिरीत पडलेली घागर काढायचा गळ घेऊन ती रोज एकटीच ओढ्यात फिरत होती. गळ धरावा तर होडी फिरे, वल्हं धरावं तर गळ सुटे. आणि जाळं नेमकं कुठून कुठवर लावलं होतं, ते एकालाच माहीत होतं.

करपलेल्या भाकरीचा तवा तसाच ठेवून ती उठली.

आदिनाथ अंगणात नवं जाळं विणत बसला होता.

“आदू, चल. होडी काढ.”

“कुटं, मामी?”

“तुजं जाळं काडाया.”

त्याचा हात थांबला. “माजं कुटलं जाळं?”

“तेलाच्या बाटल्या गोठ्यात हायती माज्या. दावू का?”

“म्हंजे तू कापलंस व्हय!” तो ताडकन उठला. “आन् मी येड्यावानी भीमेच्या धारंत हुडकतोय! वाहून गेलं म्हनून!”

“वरडू नगंस.”

“वरडू नगं? तू माश्यांची दाई, मामी. माजी बायकू बी बाळातपनालाच गेलीया, सांगोल्याला. तिचं काय? तिच्या म्होरं काय रिकामं ताट सरकवू?”

सोनाबाई तिथेच उकिडवी बसली.

“माजं चुकलं,” ती म्हणाली. “तुला धरून न्यायला पायजे हुतं, न्हायतर सोडून द्यायला. मी दोन्ही केलं न्हाय. चल आता. मीटिंगीच्या आदी जाळं निघाया पायजे.”

“समद्यांच्या डोळ्यांदेखत?”

“मग? मासं बी समद्यांच्या डोळ्यांदेखतच मरत्यात की.”

त्याने तिच्या टोपीकडे बघितलं. मग वल्हं खांद्यावर टाकून तिच्या पुढे चालू लागला.

जाळं लागलं, पण सुटेना. आदिनाथ छातीएवढ्या पाण्यात उतरला, बाभळीचे काटे हाताने मोडत राहिला. सोनाबाई वरून ओढत होती. आधी सडलेले आले, मग फुगलेले, मग एक पाणकावळा, चोच उघडी पडलेला. दोघांनीही नाकाला पदर-रुमाल लावला नाही. हात मोकळे नव्हते. शेवटी एक कटला आला, जिवंत, पोट टच्च भरलेलं. आदिनाथच्या हाताला सवय होती; हात होडीकडे वळला आणि मध्येच थांबला. मग त्याने कल्ल्यांभोवतीचा दोरा दातांनी तोडला आणि मासा पाण्यात धरून ठेवला, तो स्वतः निसटेपर्यंत.

ते काठाला आले तेव्हा मीटिंगची माणसं तिथेच गोळा झाली होती. चेअरमननी जाळ्याला चपलेचं टोक लावलं.

“कुनाचं?”

“माजं,” आदिनाथ म्हणाला.

“आन् कापून बुडवलं मी,” सोनाबाई म्हणाली. “पानी नासल्यालं न्हाय, अण्णा. हे बगा काय नासलंय ते.”

गलका झाला. कोणी म्हणालं, नात्यात राखण दिली की असंच व्हायचं. शेवटी चेअरमननी निकाल दिला. आदिनाथची मासेमारी दिवाळीपर्यंत बंद. सोनाबाईंनी टोपी आणि शिट्टी जमा करावी.

“आन् वढा?” तिने विचारलं.

“वढा बंदच राहील.”

“राखनार कोन?”

सगळे एकमेकांकडे बघू लागले, मग पाण्याकडे.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिला सवयीने जाग आली. टोपीविना डोकं हलकं वाटत होतं. तिने बाटल्यांची पिशवी आदिनाथच्या अंगणात ठेवली आणि पाय नेतील तिकडे निघाली. ते काठालाच घेऊन आले.

एक होडी बाभूळओढ्याकडे चालली होती. कुणाची, ते धुक्यात कळेना. सोनाबाईचा हात गळ्याशी गेला. तिथे नुसतं मंगळसूत्र होतं.

मग पदर खोचून, खेळायला गेलेल्या पोराला जेवायला हाक मारावी तशी ती ओरडली, “ए ऽऽ बाबा! माघारी फीर!”

वल्हं पाण्याबाहेर थांबलं. त्याच्या टोकावरून पाणी ठिबकत राहिलं. ती तशीच उभी राहिली, कमरेवर हात ठेवून, उघड्या डोक्याने. होडीचं तोंड हळूहळू माघारी वळलं.