गाडी ओढून नेता येते

मार्लिसने मला फक्त खोटं बोलायला सांगितलं होतं. दोन वाक्यांचं खोटं. तेवढंही माझ्याच्याने झालं नाही, आणि त्याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला होता. थू.

मंगळवारी सकाळी ती गाडी घेऊन माझ्या गॅरेजवर आली. लाल, दोन माणसांची, उघड्या टपाची, माझ्या कमरेला लागेल एवढीच उंच. अकरा वर्षं ती या गाडीने शर्यती करते. आमच्याकडच्या शर्यती म्हणजे बंद पडलेल्या विमानतळाच्या काँक्रीटवर नारिंगी शंकू मांडायचे आणि एकेकाने वेळ लावून त्यांच्यामधून गाडी काढायची. चौसष्ट वर्षांची ही बाई पंचविशीतल्या पोरांना पाणी पाजते.

"वेंडेल मागून येतोय, घरगाडी घेऊन," ती घाईने म्हणाली. "माझ्या गाडीत त्याचा गुडघा दुमडत नाही, म्हणून आता त्याला त्यातून शर्यतीला सोबत यायचंय. तो विचारेल, माझी गाडी त्या धुडाच्या मागे जोडून ओढून नेता येईल का, चारही चाकं रस्त्यावर ठेवून. तू नाही म्हण. म्हण, ओढताना गिअरबॉक्सला तेल पोचत नाही, जळून जाईल."

"या गाडीत पोचतं की."

"मला शिकवतोस? माझी गाडी आहे, क्लीट."

"मग तो ट्रेलर आणेल."

"ट्रेलर मागे घेता येत नाही त्याला. स्वतःचंच गेट दोनदा पाडलंय. तू नाही म्हणालास की विषय मिटला."

मी हात पुसले. "पण जाऊ दे ना त्याला सोबत. बिचारा नवरा आहे."

"शर्यतीला जायला तीन तास, यायला तीन तास. वर्षातून आठ वेळा." तिने रस्त्याकडे पाहिलं. "तीन वर्षांपूर्वी तो रिटायर झाल्यापासून मला एकटीला एवढंच मिळतं. मला रेडिओसुद्धा लावायचा नसतो त्यात."

"मग सांग त्याला तसं."

"एकोणचाळीस वर्षांत ज्याने माझ्यावर एकदा आवाज चढवला नाही, त्याला काय सांगू? तुझा वीट आला म्हणून?"

तेवढ्यात घरगाडी आत वळली, बसएवढी, पोटात पलंग आणि चूल असलेली. वेंडेल उतरला, हातात डोनटचा खोका. धान्याच्या कोठारावर वजनकाट्याच्या खोलीत छत्तीस वर्षं बसलेला माणूस. ट्रक यायचा, खिडकीतून दोन मिनिटं बोलणं व्हायचं, ट्रक जायचा. छत्तीस वर्षं प्रत्येक माणूस त्याच्या वाट्याला दोनच मिनिटं आला. उरलेलं सगळं बोलणं त्याने घरी साठवून ठेवलं होतं.

"काय क्लीट, जमेल का रे? का वय झालं तुझं?"

मी मार्लिसकडे पाहिलं. तीस वर्षं वेल्डिंग करतोय, कुठल्या शाळेत न शिकता. नांगरापासून शवपेटीच्या कड्यांपर्यंत सगळं जोडलंय. "जमत नाही" हा शब्द या छपराखाली कधी निघालेला नाही. आणि तो वेंडेलसमोर काढायचा? तो संध्याकाळपर्यंत कॉफीच्या दुकानात सांगेल, क्लीटला नाही जमलं.

"जमतं," मी म्हणालो. "का नाही जमणार? चार दिवस लागतील."

 मार्लिसने किल्ल्या बाकावर ठेवल्या आणि बाहेर जाऊन उभी राहिली.

काम तसं सोपं. पुढचा बंपर उतरवायचा, चासीला लोखंडी पट्टा बोल्टने आवळायचा, बंपरला दोन भोकं पाडून पट्ट्याचे कान बाहेर काढायचे. त्या कानांत ओढदांडा बसतो. वर दोन साखळ्या, दांडा तुटलाच तर म्हणून. मग मागच्या दिव्यांची वायर, म्हणजे घरगाडीने ब्रेक मारला की छोटीचेही दिवे लागतील. दोन दिवसांचं काम. मी चार सांगितले, कारण घाईत पाडलेलं भोक पुन्हा बुजत नाही.

पण वेंडेल गेलाच नाही. रोज सात वाजता खुर्ची घेऊन हजर. पट्ट्यासोबत आलेला कागद मोठ्याने वाचायचा. "क्लीट, इथे लिहिलंय बोल्ट घट्ट आवळा." मी आवळतच असायचो. "आवळलास का?" मग मक्याचा भाव, त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन, शेजाऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन, आणि दोघांच्या गुडघ्यांतला फरक. मी गाडीखाली सरकलो की तोही बाजूला आडवा व्हायचा, बॅटरी धरून. प्रकाश माझ्या डोळ्यांत.

गुरुवारी दुपारी मी माझ्याच गॅरेजच्या संडासात जाऊन बसलो. काही लागलं नव्हतं. दिवाही लावला नाही. दारावर टकटक झाली.

"क्लीट, पोट बरं आहे ना? माझ्याकडे गोळी आहे."

त्या अंधारात मला मार्लिस आठवली. मला हे चार दिवसांचं होतं. तिला तीन वर्षं झाली होती. आणि आता मी स्वतःच्या हाताने, पगडी सांभाळायला, तिच्या सहा तासांना भोकं पाडत होतो. गावातल्या सगळ्या बायका तिला सांगतात, नशीबवान आहेस, असा नवरा कुणाला मिळतो. त्या बायकांना एकेक दिवस इथे आणून बसवायला हवं.

शुक्रवारी शेवटची वायर ओवत होतो. वेंडेल बॅटरी धरून शेजारी आडवा.

"मी असलो की तिला एकटं वाटणार नाही," तो म्हणाला. "एवढा लांबचा रस्ता. मीच बोलत राहीन."

"वेंडेल, तिला एकटं वाटायलाच हवंय."

"म्हणजे?"

"म्हणजे तू नको आहेस तिला त्या रस्त्यावर. तुझी बडबड नको आहे. कळलं?"

बॅटरीचा प्रकाश हळूहळू जमिनीवर आला.

"ती म्हणाली?"

"म्हणाली."

 तो उठला, कपडे झटकले, खुर्ची मिटली. "कागद इथे ठेवतो," म्हणाला. गेला. आणि मला काय वाटलं सांगू? सुटली, असं वाटलं. एवढी वर्षं जे तिला बोलता आलं नाही ते मी एका दमात बोललो. स्वतःवर खूश होऊन बिअर प्यालो.

शनिवारी सकाळी घरगाडी आली. वेंडेल स्टिअरिंगवरच बसून राहिला. मार्लिस उतरली.

"काय सांगितलंस त्याला?"

"खरं."

"मी खरं मागायला आले होते का तुझ्याकडे? खरं माझ्या घरात होतंच." ती हळू आवाजात बोलत होती, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून. "कालपासून तो गप्प आहे. जेवताना म्हणाला, तू एकटी जा. मग उठून ताटं धुतली. माझंही धुतलं. सकाळी बघते तर माझ्यासाठी थर्मास भरून ठेवलेला, एकच."

"मग जा की! तो स्वतःच म्हणतोय."

"मूर्ख आहेस तू, क्लीट. याआधी मी शर्यतीला जात होते. आता गेले तर त्याला सोडून गेले असं होणार. प्रत्येक वेळी." तिने हातमोजे घातले. "जोड गाडी."

"मार्लिस..."

"जोड म्हणते ना."

मी दांडा जोडला, साखळ्या अडकवल्या. ती तिच्या गाडीत वाकून उभी होती.

"गिअर?" मी विचारलं.

"न्यूट्रल."

"हँडब्रेक?"

"खाली."

"किल्ली एक घर फिरवलीस? स्टिअरिंग अडकायला नको."

"फिरवली."

ती घरगाडीत नवऱ्याशेजारी जाऊन बसली. सीटबेल्ट लावला. वेंडेलने माझ्याकडे पाहून हात वर केला, नेहमीसारखा. माणूस वाईट नाही. तोच तर सगळा घोळ आहे.

अशी जोडलेली गाडी मागे घेता येत नाही, दांडा वाकतो. म्हणून मी मागचं फाटक उघडून दिलं, आणि ते कुंपणाला वळसा घालून निघाले. खिडकीत दोघं सरळ पुढे बघत होते. कोणीच बोलत नव्हतं. तिला हवी होती तशी शांतता.

वळणावर घरगाडी डावीकडे गेली. मागून छोटी लाल गाडी आली. आत कोणी नव्हतं, आणि तिचं स्टिअरिंग आपोआप डावीकडे फिरलं.