पशुपतिनाथाची राहदानी

त्र्यंबकबुवा कीर्तनात नेपाळच्या वेशीपाशी पोचले की आमच्या कर्जतच्या महादेवाच्या देवळात तान्ही पोरेसुद्धा गप्प होत. बुवा झांजा छातीशी धरीत, आवाज खाली आणीत.

"कार्तिकी पुनव नुकतीच झालेली. वेशीवर धुके. धुक्यात भालाईत उभा. म्हणाला, कोण आहेस? मी म्हटले, शिवाचा दास. त्याने भाला बाजूला केला. एवढ्या एका शब्दावर, मायबाप, मी पशुपतिनाथाच्या पायाशी पोचलो."

मृदंगावर थाप पडे आणि सारे देऊळ हर हर महादेव म्हणे. बुवा खालापूरचे, दर शिवरात्रीला त्यांचे कीर्तन कर्जतला, आणि दर शिवरात्रीला उत्तररंगात हा प्रसंग. एखाद्या वर्षी बुवा धुके विसरले असते तर खालून कुणी तरी नक्की आठवण केली असती. मी तर पेटीच्या शेजारी बसणारा माणूस. शाळेत दिवसभर पोरांवर ओरडून बसलेला माझा घसा बुवांच्या पहिल्या अभंगाला आपोआप सुटायचा.

पळसदरीची जयवंता नेहमी पुढच्या खांबाला टेकून बसे. तिचा मुलगा कान्हा पलटणीत, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर. एके वर्षी त्याची पत्रे येईनाशी झाली. त्या शिवरात्रीला बुवांचा भालाईत बाजूला झाला आणि जयवंताने तिथल्या तिथे पदर पसरला: पोरगा घरी येऊ दे, आमच्या शेतातला तांदूळ माझ्या हाताने पशुपतिनाथाला वाहीन.

लढाई संपली त्या दिवाळीत कान्हा घरी आला. एका कानाने कमी ऐकू येत होते, एवढेच.

"आता जायाचं," जयवंता म्हणाली. तिचा नवरा येसाजी भात झोडून नुकता टेकला होता. तो म्हणाला, "अगं, नेपाळ काय कर्जतचा बाजार हाय? सांजच्याला परत यायला?"

"बुवा गेले नाय?"

हिंदी बोलणारा माणूस हवा म्हणून दोघे माझ्याकडे आले, आणि मलाही तेवढे निमित्त पुरले. तरी शिकलेला माणूस म्हणून मी खालापूरला जाऊन बुवांना विचारले, "बुवा, दुसऱ्याचे राज्य आहे. परवाना वगैरे काही लागतो का?"

बुवा पान लावीत होते. मान वर न करता म्हणाले, "मास्तर, महादेवाच्या दाराला कडी असते काय?"

त्या बोलण्याने मी इतका खूश झालो की पुढचे काही विचारलेच नाही.

मार्गशीर्षात आम्ही निघालो. कल्याणला गाडी बदलली, पुढे आणखी कितीतरी बदलल्या, पाटण्याला बोटीने गंगा ओलांडली. जयवंताने तांदळाचे गाठोडे कुणाच्या हाती दिले नाही. झोपतानाही ते पोटाशी. शेवटी रक्सौल आले. स्टेशनाबाहेर थोडे चालले की पूल, आणि पुलापलीकडे नेपाळ. हवेत खरोखरच धुके होते. जयवंता म्हणाली, "बुवा सांगत्यात तसंच हाय की." मला भरून आले.

पुलावर खाकी कपड्यातला, कमरेला खुकरी लावलेला शिपाई उभा होता. त्याने हात आडवा केला. "राहदानी?"

मला वाटले, कुठले राहणार विचारतो आहे. "राहणार कर्जत," मी म्हटले. येसाजीने मागून भर घातली, "आमी पळसदरी. ठेसन हाय तितं."

शिपाई पुन्हा म्हणाला, "राहदानी." या खेपेला त्याने तळहात पुढे केला.

"त्याला सांगा ना मास्तर," जयवंता हळूच म्हणाली. "शिवाचे दास."

मी सांगितले. त्या माणसाच्या तोंडाकडे बघून, हिंदीत, हात जोडून सांगितले. शिपाई जागचा हलला नाही. त्याने आम्हा तिघांना खालपासून वरपर्यंत पाहिले आणि आल्या वाटेकडे बोट दाखवले.

मी पुन्हा बोललो, नवस सांगितला, मुलगा सांगितला. जयवंताने गाठोडे सोडून तांदूळ दाखवला. त्याने तोही बघितला आणि मान हलवली. मागून बैलगाडी येत होती. तिच्यासाठी त्याने आम्हाला बाजूला केले.

"देवानं शिपाई ठेवला व्हय?" जयवंता म्हणाली. ती रागावली नव्हती. तिला खरेच कळत नव्हते.

रक्सौलच्या धर्मशाळेचा म्हातारा व्यवस्थापक आमची कथा ऐकून कपाळाला हात लावून बसला. तुम्हाला पाठवले कुणी, हा त्याचा पहिला प्रश्न. मग त्याने समजावले. राहदानी म्हणजे आत शिरायची चिठ्ठी. हे राज्य बाहेरच्या माणसाला बंद. यात्रेकरूंना फक्त शिवरात्रीच्या सुमारास थोडे दिवस वाट मोकळी. तेव्हा पलीकडे नाडी बघतात, धडधाकट असेल त्याला चिठ्ठी देतात, आणि मुदत संपली की बाहेर काढतात. एरवी जायचे तर काठमांडूच्या दरबाराचा हुकूम हवा, आत ओळखीचा माणूस हवा.

"आणि कार्तिकात?" मी विचारले. "कार्तिकी पौर्णिमेनंतर, असाच, कुणी एकटा यात्रेकरू..."

"माझ्या बापाच्या वेळेपासून ही धर्मशाळा आहे," तो म्हणाला. "तसा एकही गेलेला नाही."

मी खाटेवर बसलो. शिवरात्रीलाच दार उघडते, आणि शिवरात्रीला तर बुवा आमच्या समोर उभे असतात. धुके, भालाईत, बाजूला झालेला भाला. इतकी वर्षे मी ज्यावर डोळे पुसले ते काय होते? येसाजी बिडी पेटवीत म्हणाला, "चला, गंगा तरी बगितली." जयवंताने गाठोडे परत बांधले. मी तांदूळ धर्मशाळेत ठेवून शिवरात्रीला कुणाकडून वाहवावा असे सुचवले, तर म्हणाली, "माझ्या हातानं म्हनले व्हते." परतीच्या गाडीत मी बहुतेक खिडकीबाहेरच पाहत होतो.

कर्जतला उतरलो तो राग घेऊनच. चार दिवसांनी खालापूरला निघालो. बुवांना तोंडावर विचारणार होतो, आणि काय विचारायचे ते वाटभर घोकत होतो. जाऊन पाहतो तर जयवंता आणि येसाजी आधीच बुवांच्या ओटीवर. बुवा विचारत होते, "झाले ना दर्शन?" आणि त्यांच्या डोळ्यांत मला भीती दिसली. कीर्तनात हजार माणसांपुढे न डगमगणारा माणूस.

मी तोंड उघडले, तेवढ्यात जयवंताने वाकून बुवांच्या पायाला हात लावला.

"आमीच वेळ चुकलो बुवा. शिवरात्रीला उगडतंय म्हनं. तवा तुमीच चला आमच्यासंगं. तुमाला समदं ठावं हाय."

रक्सौलचे बोलणे तिला कळलेच नाही की काय? एवढी भोळी असू शकते बाई? पान लावताना बुवांच्या बोटावरचा चुना धोतराला लागला तरी त्यांना समजले नाही.

"शिवरात्रीला कर्जतचे कीर्तन असते," ते म्हणाले.

"यंदा देवालाच ऐकवा की जाऊन," येसाजी म्हणाला. "आमी रोजचीच हाय."

"माझे गुडघे..."

"ह्यांच्या पाठीवर बसा," जयवंता म्हणाली. "भाताची पोती नेत्यात ते."

बुवा हसायला गेले, पण हसू आले नाही. त्यांनी जयवंताकडे पाहिले. ती अजून हात जोडून होती. तिला नाही म्हणणे त्यांना जमले नाही. मलाही मग माझे घोकलेले काही बोलता आले नाही.

माघात आम्ही चौघे निघालो. एरवी गाडीत अख्खा डबा भोवती जमवणारे बुवा पाटण्यापर्यंत चार शब्द बोलले नाहीत. रक्सौलला मात्र माणसांचा पूर लोटला होता, आणि पुलावरचा शिपाई सगळ्यांना पुढे सोडत होता. पलीकडे मांडव घातला होता. एक कंपाउंडर रांगेतल्या प्रत्येकाची नाडी बघे, शेजारचा कारकून चिठ्ठी लिही. ज्याची नाडी बिघडलेली त्याला रांगेबाहेर काढत. आमच्या पुढचा एक म्हातारा असाच बाहेर गेला आणि मातीत बसून रडू लागला.

येसाजीची नाडी पाहिली, जयवंताची पाहिली, माझी पाहिली. तिन्ही चिठ्ठ्या झाल्या. मग बुवांनी मनगट पुढे केले.

कंपाउंडरने बोटे ठेवली आणि भुवया वर केल्या. पुन्हा ठेवली. "बुखार है?" त्याने बुवांचा चेहरा पाहिला, तो घामाने थबथबला होता, त्या थंडीत. "पहले कभी आए हो?"

बुवांचे ओठ हलले. शब्द नाही. एका बाजूला मी, एका बाजूला ती दोघे, मागे रांग. कंपाउंडरने बाजूला व्हायची खूण केली, आणि शिपायाने बुवांचा दंड धरला.

"मास्तर, सांगा त्याला," जयवंता म्हणाली. आवाज अगदी शांत. "पयल्यांदाच आल्यात. लई वर्सं यायचं व्हतं त्यांना. म्हनून धडधडतंय काळीज. ताप नाय."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. बुवांनी डोळे मिटले होते. हिंदीत ते वाक्य मलाच म्हणायचे होते, बुवांच्या देखत.

"सांगा की," ती म्हणाली.

"पहली बार आए हैं," मी म्हटले. "बहुत बरसों से आना चाहते थे. दिल धड़क रहा है, बस."

कंपाउंडरने बुवांच्या कपाळाला पालथा हात लावून पाहिला. ताप नव्हता. तो किंचित हसला आणि कारकुनाकडे बघून मान हलवली. बुवांच्या हातात राहदानी पडली. ती धरून ते आमच्या पुढे चालू लागले, भराभर, मागे न बघता; गुडघ्यांचे काही दुखणे दिसले नाही.

मी जयवंताला गाठले. "तुला कधी कळले?"

"तुमी परतीच्या गाडीत बुवांचं नावच काडलं नाय. जाताना रक्सौल येईस्तोवर तेच चाललं व्हतं तुमचं."

"आणि मग त्यांना आणलेस?"

"इतकी वर्सं बसल्या जागी तेंनी आमाला हितं आनलं," ती म्हणाली. "कान्हा घरी नव्हता तवा मी हितंच येऊन बसायची मास्तर, त्या खांबाला टेकून." आणि येसाजीला हाक मारली, "अवो, बुवांना गाठा. तेंना वाट म्हाईत नाय."