कार्निवलच्या राजाचा साचा

मी एक जुना साचा आहे. प्लास्टरचा, परातीएवढा, कडेला दोन ठिकाणी टवके उडालेला. बाहेरून मी नुसता ओबडधोबड गोळा दिसतो. आत मात्र एका माणसाचा चेहरा आहे, तोही उलटा. नाकाच्या जागी खळगा आणि डोळ्यांच्या जागी उंचवटे. आमच्या बंदराच्या गावात कार्निवल आला की त्याचा राजा, कार्नेस्तोल्तेस, माझ्या पोटातून जन्म घेत असे. आणि मित्रांनो, त्या राजाचा मला मनापासून हेवा वाटत असे.

माझी जन्मकथा मजेची आहे. गावात बाल्दिरी नावाचा एक वात्रट कोळी होता. उत्सवाच्या दिवसांत तोच राजा होई. नावेतून थाटात धक्क्यावर उतरे, चौकातल्या सज्ज्यात उभा राही आणि नगराध्यक्षापासून पाववाल्यापर्यंत सगळ्यांची सालटी काढी. पण शेवटच्या बुधवारी राजाला किनाऱ्यावर जाळायचे असते. खऱ्या बाल्दिरीला कसे जाळणार? तेव्हा जाळायच्या बाहुल्याला निदान त्याचा चेहरा तरी द्यावा, असे मुखवटे बनवणाऱ्या मार्सालच्या मनात आले.

त्याने बाल्दिरीला बाकावर आडवा केला, तोंडाला ऑलिव्हचे तेल चोपडले, नाकात दोन नळ्या घातल्या आणि वर प्लास्टर ओतले. बाल्दिरीची बायको सिंता शेजारीच उभी होती.

"मार्साल भावजी, तोंडावर जरा जास्तच ओता," ती म्हणाली. "घटकाभर तरी माझ्या कानांना सुट्टी मिळू दे."

प्लास्टरखाली बाल्दिरीला हसू आवरेना. एक गाल वर सरकला आणि प्लास्टर तसेच आळले. असा मी जन्मलो.

मग माझी कामाची वर्षे सुरू झाली. थंडीत मार्साल खळीत बुडवलेल्या कागदाच्या पट्ट्या माझ्यात थरांवर थर लावी. तो ओला गारठा मी अंगावर घेऊन बसे. कागद वाळला की मार्साल हलकेच चेहरा सोडवी, त्याला रंग देई, डोक्यावर मुकुट ठेवी. लोक येऊन म्हणत, "वा, काय नाक जमलंय." ते नाक कुणाच्या खळग्यातून आले, हे कुणी विचारले नाही. मला पुसून फळीवर ठेवत, तेही भिंतीकडे तोंड करून.

राजा गाडीवरून मिरवे. त्याच्यापुढे पोरे-थोरे नाचत आणि गोड गोळ्यांचा नुसता पाऊस पडे. बुधवारी गाव काळे कपडे घाली, तोंडावर विधवांसारख्या काळ्या जाळ्या ओढी आणि राजामागून खोटे खोटे हंबरडे फोडत समुद्राकडे जाई. तिथे राजाला जाळत आणि उत्सव संपला म्हणून एका तारली मासळीला वाळूत पुरत. तुम्ही म्हणाल, जाळून घेणाऱ्याचा कसला हेवा करायचा? अहो, जाळण्याचे सोडा. त्याच्यासाठी अख्खे गाव रडत होते. माझ्यासाठी कुणी कधी साधे नाक तरी शिंकरले होते का?

एका हिवाळ्यात बाल्दिरी छातीच्या दुखण्याने गेला. राजाचे भाषण दुसरा कुणीतरी करू लागला, पण बाहुल्याचा चेहरा तोच राहिला. "बाल्दिरी गेला तरी आमचा राजा तोच," असे गाव अभिमानाने सांगे. दर वर्षी रंग देण्याआधी सिंता कारखान्यात येई. चरबीच्या कुरकुऱ्या घातलेली गोड रोटी मार्सालपुढे ठेवी आणि त्या कोऱ्या कागदी चेहऱ्यासमोर गुपचूप उभी राही. मी फळीवर चरफडत असे. ती बाईसुद्धा त्या कालच्या कागदाकडे बघते आणि माझ्याकडे एकदा मान वर करत नाही, याचा मला फार राग येई.

मग यंदा मार्सालची मुलगी केराल्त शहरातून शिकून आली आणि तिने राजाचा नवा चेहरा घडवला. थर्माकोलचा. गुळगुळीत, हलका, दोन्ही गालांनी हसणारा. ज्याला त्याला तो आवडला. जुन्या राजांचा हेवा मी कसाबसा पचवला होता, कारण निदान ते माझे होते. हा तर माझा कुणीच नव्हता. मला बाकाखाली ठेवले आणि माझ्या खळग्यात मांजर झोपू लागले. मांजराची ऊब चांगली होती हे मी नाकारत नाही, पण माझा अपमान व्हायचा तो झालाच.

उत्सवाच्या गुरुवारी सिंता रोटी घेऊन आली. तिने थर्माकोलचा राजा पाहिला, मग बाकाखाली पाहिले.

"हा तुम्हाला नको असेल तर मी नेते," ती म्हणाली.

"न्या की वहिनी," मार्साल म्हणाला. "मांजर तेवढं ठेवून जा."

बाजाराच्या पिशवीतून मी तिच्या घरी गेलो. तिने तार बांधून मला स्वयंपाकघरात, खिडकीसमोरच्या भिंतीवर टांगले. आणि तिथे काहीतरी विचित्र घडले. समोरून उजेड पडला की माझा खळगा खळगा दिसेना. नाक बाहेर आल्यासारखे वाटे, डोळे आपल्या जागी बसत. शिवाय ती चुलीकडून ओट्याकडे गेली की माझा चेहरा तिच्यामागे वळल्यासारखा दिसे. मी मुळीच वळत नव्हतो, पण तिला तसे दिसत होते. "आता इथंही पाळत ठेव," ती पुटपुटे आणि कांदा चिरत बसे. मला बरे वाटे. तरीही बाहेर बँड वाजला की माझे लक्ष त्या थर्माकोलवाल्याकडेच जाई.

बुधवारी सकाळी दार वाजले. मार्साल आणि केराल्त धापा टाकत आत आले.

"काकू, घोटाळा झालाय," केराल्त म्हणाली. "अग्निशमनवाले म्हणतात, किनाऱ्यावर थर्माकोल जाळायचा नाही. काळा विषारी धूर होतो."

"राजा करताना कुणाच्या ध्यानात नाही आलं, की त्याला जाळायचंय?" सिंताने विचारले.

"सगळे दिसण्यावरच भुलले," मार्साल म्हणाला. "वहिनी, साचा द्या. दुपारपर्यंत कागदाचा चेहरा उठवतो. न्हाव्याकडून केस वाळवायची यंत्रंसुद्धा आणलीयत."

मित्रांनो, त्या क्षणाला माझा आनंद काय सांगू? शेवटी त्यांना मीच लागलो. संध्याकाळी गाव माझ्या चेहऱ्यामागून चालणार आणि तो थर्माकोलवाला कोपऱ्यात बसून बघणार. मार्सालने हात पुढे केला.

सिंता मध्ये उभी राहिली.

"नाही देणार."

"वहिनी, एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"दर वर्षी एकाच दिवसाचा असतो. भावजी, दर वर्षी तुम्ही माझ्या नवऱ्याला रंगवता, मिरवता आणि समुद्रावर नेऊन जाळता. मी तोंडावर काळी जाळी घेऊन खोट्या विधवांच्या रांगेत उभी राहते. आणि नंतर तुम्ही सगळे येऊन म्हणता, सिंतासारखं रडायला कुणाला जमत नाही."

मार्साल मटकन खुर्चीत बसला. "मला वाटलं, तुम्हाला बरं वाटत असेल. तो गेला तरी राजा आहे म्हणून."

"पहिल्या वर्षी वाटलं."

"मग बोलला का नाहीत कधी?"

"कार्निवलात खरं बोललेलं कुणाला कळतं? तुम्हीच म्हणाला असतात, काय झकास नाटक करते."

केराल्तने मान खाली घातली. "काकू, मग आम्ही जाळायचं काय?"

"गोणपाट जाळा. कोळशानं डोळे काढा, नाकाला एक मोठा बटाटा लावा. भाजला की खाऊन टाका."

ते दोघे रिकाम्या हातांनी गेले. मी भिंतीवर लटकत राहिलो आणि माझ्या आयुष्यात प्रथमच मला राजांविषयी हेवा सोडून दुसरे काही वाटले. ज्या आगीसाठी मी इतकी वर्षे झुरलो, तिच्यात दर वेळी या बाईचे माणूस जळत होते. आणि थोड्या वेळापूर्वी मी पुन्हा तिथेच जायला उतावीळ झालो होतो. मला माझी शरम वाटली.

सिंता त्या संध्याकाळी किनाऱ्यावर गेली नाही. तिने तारल्या तळल्या, खिडकी उघडली आणि माझ्यासमोर जेवायला बसली. लांबून गावाचे हंबरडे ऐकू येऊ लागले. तिने घास हातात धरून कान दिला, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ऐकतोयस ना? यंदा कसलं वाईट रडतायत."

आणि ती कितीतरी वेळ एकटीच हसत राहिली.

मित्रांनो, उत्सव करा, राजे मिरवा, हवे तर जाळाही. फक्त कुणाचा चेहरा घेणार असाल, तर त्याच्या घरी जे कुणी मागे राहिले असेल, त्याला आधी विचारून या.