किटलीचा बिल्ला

माझ्या धाकट्या भावाच्या तुकडीकडे चौकीवर एकच किटली उरली होती, तिलाही गोळी लागून भोक पडलेलं. भोकात खुंटी ठोकून पोरांनी तिच्यावर हिवाळा काढला आणि मग वर्दीवर किटलीचा बिल्ला लावायला सुरुवात केली. नियमात न बसणारा. सगळे बिल्ले आईनेच भरून दिले, जुन्या पडद्याच्या कापडावर, भोकासकट. सुटीवर आलेला धाकटा तो असा मिरवायचा, जणू सेनापतीच.

नंतर तो पेटीतून आला.

मी लष्कराच्या शिलाईखात्यात शिंपी. मेलेल्यांना नवी कोरी वर्दी घालून पुरायचं, ही इथली रीत. जिवंतपणी फाटकी चालते. भावाची वर्दी मीच शिवली. शेजारी काजं करणारी आई म्हणाली, "छातीवर किटली लाव रे. बाकीच्यांना तिथेच पुरलंय, अंगावरच्या कपड्यांत. हा इस्पितळापर्यंत पोचला म्हणून याला एकट्याला वेगळं पाडू नकोस."

मी लावली. तपासणीला कॅप्टन आले. बटणं बघितली, खिसे बघितले आणि किटलीवर बोट ठेवलं.

"हे काय?"

"त्याच्या तुकडीचा बिल्ला, साहेब."

"असा बिल्ला नाहीच."

"आहे की, तुमच्या बोटाखाली."

"उसव. नाहीतर पेटी इथून हलणार नाही."

आईने हात जोडले. माझं डोकं फिरलं, पण भावाला किती ताटकळत ठेवायचं? ब्लेड घेतलं आणि उसवला. धाकट्याला तसंच पुरलं.

पुढे त्या चौकीचं वर्तमानपत्रांत नाव झालं आणि वरच्यांना एकदम उमाळा आला. किटली मंजूर! सगळ्या पलटणीने लावायची. कॅप्टन आपला कोट घेऊन सगळ्यांत आधी हजर. चौकीचं तोंडही न बघितलेला माणूस! मंजूर नमुना रेशमी होता आणि त्यातलं भोक गायब होतं. वाईट दिसतं म्हणे.

आई उठली. "मग आता माझ्या लेकाला वर काढा आणि लावा."

कॅप्टन वरमले. "आई, हुकूम आजपासून लागू आहे. आधी गेलेल्यांना नाही."

ती खाली बसली. तिला सुईत दोरा ओवता येईना. माझ्या तोंडात शिव्या आल्या होत्या, पण पोट तिथेच भरायचं होतं. मी साहेबांच्या कोटावर किटली शिवून दिली.

"छान बसली," आरशात बघत ते म्हणाले.