दुखवट्याच्या घरी कार्ड

दिवाळीच्या सुट्टीत चिखलीची मुलींची शाळा ओस पडे. मास्तर आणि बाई आपापल्या गावी जात आणि तिथून एकमेकांना कार्डं टाकत. वर पणतीचं चित्र, खाली 'आपणांस व आपल्या कुटुंबीयांस', शेवटी सही. दरसाल तेच. कुणी ती दोनदा वाचत नसे.

एकोणीसशे चौसष्ट साली मराठी शिकवणाऱ्या पद्मजाबाईंनी ठरवलं, की यंदा छापील ओळ खोडायची आणि वर्षभरात त्या माणसाचं जे आपल्या नजरेत भरलं तेच लिहायचं. चित्रकलेच्या भगवानरावांना लिहिलं, 'तुम्ही फळ्यावर काढलेला मोर पुसायला मुली तयार नव्हत्या, म्हणून मी व्याकरण तोंडी घेतलं.' हेडमास्तर रामरावांपाशी ती अडली. त्यांच्याविषयी चांगलं काही पटकन आठवेना. शेवटी आठवलं, की पावसात एसटी बंद पडली तेव्हा ते लांबच्या गावच्या मुलींना स्वतः घरी पोचवून आले होते आणि दुसऱ्या दिवशी त्याबद्दल चकार शब्द बोलले नव्हते. तेवढंच लिहिलं.

राहिल्या भूगोलाच्या कौशल्याबाई. त्यांचे यजमान आषाढात गेले. त्या दुसरबीडला, सासरी होत्या.

पद्मजाच्या खोलीत भागीदार असलेली शकुंतला यंदा तिच्यासारखीच सुट्टीत चिखलीत राहिली होती. ती म्हणाली, "त्यांना नको पाठवू. वर्षभर त्यांच्या घरी सण नाही."

"शुभेच्छा नाही देत मी."

"मग काय सांत्वन करतेस? ते सगळ्यांचं करून झालंय."

ते खरं होतं. आषाढापासून शाळेत कौशल्याबाई आल्या की सगळ्यांचे आवाज खाली येत. कुणी त्यांना जास्तीचा तास देत नसे, उलट सहावीचा वर्ग त्यांच्याकडून काढून पद्मजाला दिला होता; कुणी त्यांच्याशी वाद घालत नसे. पूर्वी नकाशाच्या काठीवरूनही त्या भांडत. पद्मजाला ते भांडण आठवलं. तिनं चित्राचं कार्ड बाजूला ठेवलं आणि साधं पोस्टकार्ड घेतलं.

'सहावीचा भूगोल तुमच्याऐवजी मी घेते, पण मुली जांभया देतात. गोदावरी कुठून निघते हे मी दोनदा चुकीचं सांगितलं. सुट्टीनंतर वर्ग परत घ्या. नकाशाची काठी माझ्याकडे आहे, ती मी सहजासहजी देणार नाही.'

पेटीत टाकल्यावर तिला वाटलं, शेवटचं वाक्य नको होतं.

शाळा उघडली. कौशल्याबाई आल्या नाहीत. आठवडा गेला. त्या नोकरी सोडणार अशी कुणकुण होतीच. सासरच्यांना आता सून गावाबाहेर राहायला नको होती.

मग एका सकाळी फाटकाशी धोतर-पागोट्यातला एक म्हातारा उभा दिसला. मागे कौशल्याबाई, हातात पत्र्याची पेटी.

"पद्मजाबाई कोन आहे?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"मी."

"मी हिचा सासरा, वामनराव. कारड तुम्हीच लिवलं काय?"

"हो."

"बाई, दुखवट्याच्या घरी दिवाळीत कारड धाडू नये. पोस्टमननं पाटलाच्या ओट्यावर वाचलं. आमच्या घरी पोचाच्या आधी गावात बोभाटा झाला, का वामनरावच्या घरी दिवाळीचं कारड आलं."

"चुकलं माझं," पद्मजा म्हणाली.

"चुकलंच," वामनराव म्हणाले. "मंग मी सुनेले विचारलं, भूगोल म्हंजे काय शिकवतं तू? धा वर्सं झाली लग्नाले, कोनं विचारलं नव्हतं. तिनं अंगणात राखेनं नदी काढून दाखवली. तिच्या सासूनंबी पाह्यलं." ते सुनेकडे वळले. "शनिवारी यायचं घरी. एसटी चुकवू नको."

ते गेल्यावर दोघी शिक्षकांच्या खोलीत आल्या.

"तुमच्या कार्डानं मी आली असं समजू नका," कौशल्याबाई म्हणाल्या. "मी येणारच होती. फक्त सांगावं कसं, ते समजत नव्हतं. मामाजींनीच विषय काढला म्हणून सोपं गेलं."

"मी तसं समजत नाही."

"आणि पोस्टमनच्या पायी मले चार दिवस ऐकून घ्यावं लागलं."

"हो. तेही माझ्यामुळेच."

कौशल्याबाईंनी मान हलवली आणि वेळापत्रक बघायला गेल्या.

बाकीच्या कार्डांचं म्हणाल, तर मोर खरंच एवढा चांगला होता का, असं भगवानरावांनी तिला दोनदा विचारलं. रामरावांकडून नेहमीचं छापील कार्ड आलं, पण त्यांनी तिच्याशी बोलताना बसायला सांगायला सुरुवात केली.

पद्मजा आणि कौशल्याबाईंची फार मैत्री झाली असं नाही. एका खोलीत बसत, वेळापत्रकावरून वाद घालत, पुष्कळ वर्षं. वामनराव मात्र चिखलीला बाजाराला आले की शाळेच्या फाटकाशी थांबत, आणि सून वर्गातून मोकळी होईपर्यंत पद्मजाशी पिकापाण्याचं बोलत बसत.