एकविसावी संकष्टी

इचोड्याला परत येऊन महिना होत आला, तरी दुकानात येणारा प्रत्येक माणूस मोटरचा भाव विचारायच्या आधी तेच विचारतो, "का हो सुधाकरराव, ते पानी उडताना पाह्यलं का?" आणि माझं डोकं फिरतं.

सगळा घोळ त्या कॅलेंडरनं केला. पाइप बनवणाऱ्या कंपनीनं ते त्र्याण्णवच्या दसऱ्याला पाठवलं. त्यावर आइसलँड देशातला फोटो होता. उघडंबोडकं माळरान आणि जमिनीतून ताडाएवढं वर उडालेलं उकळतं पाणी. दीड वर्षात आपापल्या जिल्ह्यात जो डीलर सगळ्यात जास्त पाइप खपवील त्याला बायकोसकट तिथं फुकट नेणार, असं खाली छापलेलं. मोटरपंप आणि पाइप विकण्यात माझी वीस वर्षं गेली. तीनशे फूट बोअर खणून, पाच हॉर्सपॉवरची मोटर सोडून करंगळीएवढी धार आली, तरी आमच्याकडं नारळ फुटतो. आणि तिथं मोटर नाही, करंट नाही, अन् पाणी आपल्या मनानं सत्तर फूट वर! ते मला एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं. बाकी परदेशाची मला कवडीची हौस नव्हती.

मी नार्नूरपासून इंद्रवेल्लीपर्यंत मोटरसायकलवर गावं पालथी घातली आणि जिल्ह्यात पहिला आलो. पंच्याण्णवच्या जूनमध्ये, पाऊस लागून आमचा धंदा बसला तेव्हा, कंपनीनं वीस-बावीस डीलर विमानात कोंबले. माझी बायको रेणुका हिनं सोबत गूळखोबऱ्याच्या मोदकांचा डबा घेतला. "मधात संकष्टी येते," म्हणाली. कुठलासा नवस करून ती वर्ष-दीड वर्ष निर्जळी संकष्ट्या करत होती. बायकांच्या नवसांची चौकशी करायला मला फुरसत कुठली?

रेक्याविक ही म्हणे राजधानी! गाव आमच्या आदिलाबादएवढं. घरांना पत्रे ठोकलेले, फक्त रंग भारी. पलीकडं समुद्र, त्यापलीकडं काळा डोंगर, आणि सावलीला म्हणावं असं झाड नाही. वारा असा की रेणुका दोन्ही हातांनी पदर धरून चालायची. हॉटेलच्या गरम पाण्याला अंड्याचा वास. "हे पानी थेट जमिनीतून येते," असं मी कौतुकानं सांगितलं, तर तिनं नाक धरलं आणि बर्फासारख्या पाण्यानं आंघोळ केली. पहिले दोन दिवस कंपनीनं भाषणांत घालवले. पाणी उडतं ती जागा शंभर किलोमीटर लांब. बस एकदाच जाणार होती, चौथ्या दिवशी सकाळी सातला. पाचव्या दिवशी परतीचं विमान.

आणि संकष्टी आली तिसऱ्या दिवशी.

पंचांगात चंद्रोदय नऊ बावन्नचा. मी दुपारीच हिशोब केला. इचोड्याचे नऊ बावन्न म्हणजे इथले चार बावीस. तेवढ्याला मी तिला म्हणालो, "झाला चंद्रोदय. सोड उपास."

तिनं खिडकीकडं बोट केलं. "सूर्य डोक्यावर हाय अन् चंद्राले पानी देऊ?"

"गावाकडं ढग असले म्हंजे पंचांग पाहून सोडतंच ना तू?"

"तवा रात तर होते. इथं दिवसच मावळून नाई राह्यला."

खरंच मावळत नव्हता. रात्रीचे नऊ बावन्न झाले, ऊन समोरच्या भिंतीवर. अकरा वाजले, पोरं रस्त्यावर सायकली फिरवत होती. बाराच्या पुढं सूर्य समुद्रात गेला म्हणे, पण उजेड तसाच. आभाळात ढगांची गोधडी. रेणुका खुर्ची ओढून खिडकीशी बसलेली, ओठ सुकलेले. मी आधी समजावलं, मग रागावलो, मग हात जोडले. सकाळी बसमध्ये ही बसणार कशी, मला तेवढीच चिंता होती. शेवटी मी खाली जाऊन आलो आणि ठोकून दिलं, "दिसला. कोपऱ्यावरच्या चर्चमागं दिसला. मी पाह्यला."

तिचा चेहरा खुलला. तबक घेऊन, चपला घालून ती माझ्यामागं त्या वाऱ्यात आली. चर्चमागं नुसते ढग. तिनं आभाळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. वर जाऊन पुन्हा खुर्चीत बसली. मला लाज वाटली आणि तिचा रागही आला. दोन्ही सोबतच.

सकाळी सातला ती भिंत धरून खाली आली. "चाला," म्हणाली, "तुमचं पानी चुकाले नको." मला बरं वाटलं. तिला बसच्या पायरीवर चढवलं, मागून माझा एक पाय वर गेला, आणि ती थांबली.

"अवो, चंद्र!"

समुद्राच्या अंगाला ढग फाटले होते. तिथं, भर उन्हात, कडेनं मोडलेल्या भाकरीसारखा पुसट चंद्र होता. ती खाली उतरलीसुद्धा. "मी तबक घेऊन येतो. आलीच."

तबक तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टमध्ये जायला ती भ्यायची. छत्तीस तासांची उपाशी बाई जिना चढणार, उतरणार, चंद्राला पाणी देणार, आरती म्हणणार. कंपनीच्या साहेबांनी घड्याळ पाहिलं. "सुधाकररावजी, ड्राइवर नहीं रुकेगा. भाभीजी को आराम करने दो, आप चलो."

मी आत पाहिलं. खिडकीजवळची जागा रिकामी होती. मी मागं पाहिलं. हॉटेलच्या काचेच्या दारातून रेणुका जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी चढताना दिसली. तिला मराठीशिवाय काही येत नव्हतं. जिन्यात पडली तर त्या गावात कोणाला काय सांगणार होती? मी उतरलो. प्रेमानं नाही, चडफडत उतरलो. बस गेली.

तबक आणि मोदकांचा डबा आणून तिनं हॉटेलच्या ओट्यावर उभं राहून चंद्राला पाणी दिलं, अक्षता वाहिल्या, हळू आवाजात आरती म्हटली. येणारेजाणारे थांबून पाहत होते. तिचं आटोपलं, तसा मी फुटलोच.

"दीड वर्ष घासलो मी या एका दिवसासाठी! पायाच्या नळ्या झाल्या माह्या. तुह्या एका नवसापायी गेलं सगळं. असा काय नवस होता वं? कोनासाठी?"

ती डब्याचं झाकण काढत होती. वर पाहिलं नाही.

"तुमी ते क्यालेंडर टांगलं ना, त्या दसऱ्यापासून. रोज दुकान उघडलं का पयले त्याच्याकडंच पाहत बसायचे. मले नाई पाहवलं. गनपतीले बोलली, आमच्या यायले ते पानी पाह्याले जाऊ दे, एकवीस संकष्ट्या करतो." तिनं झाकण बाजूला ठेवलं. "ही एकविसावी होती. देवानं त्याचं काम केलं, मंग मी माहं कसं सोडू?"

मी समुद्राकडं पाहिलं, तर चंद्रही ढगात गेला होता. इथून शंभर किलोमीटरवर ते पाणी दर आठ-दहा मिनिटांनी वर उडत होतं, आणि बसमधले लोक त्याचे फोटो काढणार होते.

रेणुकानं एक मोदक माझ्या हातावर ठेवला. "घ्या. तुमच्याच नवसाचा हाय."

मी खाल्ला. खोबरं खवट झालं होतं.