गब्दुलची निर्जळी

प्रमोदिनीबाईंचा ससा संकष्टी धरतो, ही बातमी औरंगपुऱ्यातल्या त्यांच्या गल्लीभर झाली, कारण ती त्यांनीच सांगत फिरवली. एरवी बाई स्वतःची फुशारकी मारणाऱ्यातल्या नव्हत्या. पण सशाची मारायला काय हरकत आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

ससा खरा लेकीचा. मनस्विनीला पुण्यात नोकरी लागली, तिथली घरमालकीण म्हणाली जनावर चालणार नाही, आणि गब्दुल पिंजऱ्यासकट आईबापांच्या गळ्यात पडला. "देवघराकडे फिरकला तर तुझा तू घेऊन जायचा," असं बाईंनी तेव्हाच बजावलं होतं. पंधरा दिवसांत तो देवघरापुढच्या पाटावर तंगड्या पसरून झोपायला लागला आणि बाई त्याच्या अंगावरून वाकून दिवा लावायला लागल्या. त्यांचे यजमान सदाशिवराव, कचेरीतून निवृत्त झालेले, यावर काहीच बोलले नाहीत. पस्तीस वर्षांच्या संसारात कुठे बोलू नये एवढं त्यांना नक्की कळलं होतं.

संकष्टीला साबुदाण्याची खिचडी झाली की बाई आधी चमचाभर गब्दुलला देत. वर केळ्याचे काप, भाजलेले दाणे. ते तो मिटक्या मारत खाई आणि मग दिवसभर गवताला तोंड लावत नसे. मागच्या दोन्ही संकष्टींना असंच झालं. फराळ चालतो, गवत चालत नाही. यापेक्षा आणखी काय पुरावा हवा? शेजारच्या दोघीतिघी येऊन बघून गेल्या. एकीने तर वाकून नमस्कार केला.

या खेपेला त्याला उपवासाचा त्रास होऊ नये म्हणून बाईंनी आदल्या संध्याकाळीच राजगिऱ्याचा अख्खा लाडू चारला. सकाळी बघतात तर गब्दुल कोपऱ्यात पाठ फुगवून बसलेला. खिचडीकडेही बघेना. पाण्याचं वाडगंही जसंच्या तसं.

"अहो, आज निर्जळी धरलीय त्याने," बाई कौतुकाने म्हणाल्या.

तेवढ्यात चतुराबाई आल्या. त्या खुलताबादहून पहिल्या एसटीने येत; रोज पालेभाजी आणि संकष्टीला दूर्वा विकायला. बाईंनी त्यांनाही मोठ्या हौसेने आत नेऊन ससा दाखवला. चतुराबाईंनी टोपली खाली ठेवली आणि दूर्वांची काडी गब्दुलच्या नाकाशी धरली. त्याने तोंड फिरवलं. मग त्यांनी त्याचे कान चाचपले आणि जवळ वाकून ऐकलं.

"कान गार पडल्यात. दात खातोय बघा, करकर. आन् लेंड्या कुठंयत?"

"लेंड्या?"

"सकाळधरनं टाकल्या का न्हाई?"

आज पिंजरा झाडताना काहीच निघालं नव्हतं, हे बाईंना आता आठवलं. उपवास आहे, म्हणून नसेल, असं वाटून त्यांनी केरसुणी जागेवर ठेवली होती.

"ह्यो उपास नाय, बाई," चतुराबाई म्हणाल्या. "पोट बंद पडलंय त्याचं. माझ्या पोरानं पाळला व्हता, त्यो बी असाच गप बसला आन् दुसऱ्या दिशी गेला. लई येळ नका लावू."

सदाशिवराव म्हणाले, ओव्याचं पाणी पाजू या का, तर बाई म्हणाल्या, "रिक्षा आणा." सशाला टोपलीत घालून ती पदराखाली मांडीवर घेऊन त्या बसल्या. शहागंजच्या गर्दीत रिक्षा दर चार पावलांवर थांबत होती आणि आपणच मारलं याला, एवढंच त्यांच्या मनात येत होतं.

जनावरांच्या दवाखान्यात करुणा नावाची तरुण डॉक्टरीण होती. तिने पोट दाबून पाहिलं, नळी लावून ऐकलं, दात तपासले. काय खाल्लं होतं, असं विचारल्यावर बाईंनी सदाशिवरावांकडे पाहिलं. मग सदाशिवरावांनीच सगळी यादी सांगितली, लाडवासकट. करुणा हसली नाही.

"काकू, सशाचं आतडं सारखं चालत राहावं लागतं, आणि ते गवतावर चालतं. असलं गोड, पिठूळ गेलं की पोटात वायू धरतो. दुखतं म्हणून तो खात नाही, आणि खात नाही म्हणून आतडं आणखी मंदावतं. त्याला बिचाऱ्याला ओकताही येत नाही. अर्धा दिवस खाल्लं नाही की वाट बघायची नाही, सरळ घेऊन यायचं."

"म्हणजे मागच्या दोन्ही संकष्टींना..."

"आजारीच होता. नशिबाने सावरला."

बाईंना भयंकर लाज वाटली. ज्याला पुण्यवान म्हणत होत्या, तो दोन्ही दिवस कळा सोसत बसला होता.

करुणाने दुखणं थांबायची सुई दिली, कातडीखाली सलाईन दिलं. आत काही अडकलेलं लागत नाही, हे बरं आहे, म्हणाली. वाळल्या गवताच्या पुडीची पातळ पेज सुईविना सिरिंजने कशी भरवायची ते दाखवलं. "ऊब द्या. संध्याकाळपर्यंत लेंड्या पडायला हव्यात. नाहीतर पुन्हा आणा."

घरी आल्यावर बाईंनी कोमट पाण्याची बाटली पंच्यात गुंडाळून गब्दुलशेजारी ठेवली आणि स्वतः फरशीवर फतकल मारून बसल्या. ठरलेल्या वेळी थेंब थेंब पेज भरवली. खिचडी तशीच पडून राहिली. त्यांच्या पोटात सकाळपासून पाण्याखेरीज काही नव्हतं आणि ते त्यांच्या लक्षातही नव्हतं. पूजेसाठी निवडून ठेवलेल्या एकवीस दूर्वा मात्र शेजारी तबकात तयार होत्या.

पाचच्या सुमाराला गब्दुल उठला. अंग ताणलं, दोन उड्या मारल्या. मागे फरशीवर काहीतरी पडलं.

ज्या बाई सोवळ्यात असताना सदाशिवरावांनाही दोन हात लांब ठेवत, त्यांनी ते चटकन तळहातावर उचलून घेतलं. दोन लेंड्या. मिरीएवढ्या, पण लेंड्या. "अहो, बघा तरी," असं म्हणताना त्यांना रडू फुटलं. मग त्यांनी फोटो काढून मनस्विनीला धाडला.

तोवर गब्दुल तबकाशी पोचला होता. त्याने एक दूर्वा ओढली आणि खायला लागला. मग दुसरी.

"अगं, देवाच्या..." सदाशिवरावांनी हात पुढे केला.

"राहू द्या," बाई म्हणाल्या आणि तबक आणखी जवळ सरकवलं.

त्याचं खाऊन झालं तेव्हा नऊच दूर्वा उरल्या होत्या, एकदोन कुरतडलेल्या. बाजारात नव्या मिळाल्या असत्या. बाईंनी हात धुतले, त्या नऊ उचलून जुडी बांधली आणि गणपतीच्या पायाशी ठेवली.

"आज एवढ्याच आहेत," त्या देवाला म्हणाल्या. "बाकीच्या घरात लागल्या."